विमान केव्हाच झालं

३ जून
वाढदिवसाला लेकीने रेझिनच्या विमानाचा किट दिला. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे, की जुन्या काळचं विमान तयार. म्हणाली, बाबा, महिनाअखेरीला मी नोकरीसाठी परदेशी चालले, तोवर रोज संध्याकाळी आपण दोघं मिळून करू. म्हटलं, तू तुझं पॅकिंग बघ. गुपचूप ठरवलंय, एकट्यानेच करायचं आणि तयार विमान तिच्या हातात ठेवायचं. पोरगी थक्क होईल. फॅक्टरीत तपासणी विभागाचा प्रमुख आहे मी. जन्मभर दुसऱ्यांच्या जोडणीत चुका काढल्या.

५ जून
लेक म्हणते, भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट काहीतरी लावलेलं असतं. नवीकोरी वस्तू कोण धुतं? भाजी आहे का ती? स्टूल घेऊन शेजारी बसायला आली होती. गोंदाच्या वासाने तुझं डोकं उठेल म्हणून परत पाठवलं.

८ जून
गोंद बोगस. पंख लावला, पडला. लावला, पडला. लेक दारातून म्हणाली, तो प्लॅस्टिकचा गोंद, रेझिनला सुपरग्लू लागतो. मला माहीत होतंच. खात्री करत होतो.

१० जून
सुपरग्लू उत्तम. अंगठा आणि तर्जनी एकजीव झाली. बायकोने हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावला आणि एक अक्षर बोलली नाही. तिचं न बोलणं लांबपर्यंत ऐकू येतं.

१३ जून
ओतकामात प्रत्येक भागाला एक फालतू टोक उरतं, ते करवतीने कापायचं. सगळी कापली. काय सफाई! मग चित्र पाहिलं. त्यातलं एक टोक नव्हतं, शेपूट होतं. तोवर कचरा गेला होता. कंपनीने असलं फसवं शेपूट करूच नये.
लेकीने विचारलं, आज बसू का? म्हटलं, आज नको, आज नाजूक काम आहे.

१८ जून
रंग दिला. देखणा.

१९ जून
रंगाचे पापुद्रे निघताहेत. बायको म्हणाली, पोरीने धुवायला सांगितलं होतं ना? म्हटलं, हवा दमट आहे.

२४ जून
बायको भडकली. म्हणे, पोरगी चार दिवसांची पाहुणी, आणि तुम्ही दार लावून काय बसता? हिला सरप्राइज म्हणजे काय ते कळत नाही. उद्यापासून जोरात लागायचं.

२९ जून
लेक गेली. टॅक्सी आली तेव्हा मी पंख धरून बसलो होतो. सोडला असता तर वाकडा सुकला असता. ती आत येऊन पाया पडली, मी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. विमानतळावर बायको एकटीच गेली.
पंख वाकडाच सुकला. या गोंदाच्या वाफेने डोळ्यांतून पाणी येतं, पाकिटावर लिहिलेलंच आहे.

२ जुलै
तिच्या खोलीत गेलो होतो. उगीच.

६ जुलै
लेकीचा फोन. विमान कुठवर आलं, विचारत होती. म्हटलं, केव्हाच झालं, कपाटावर ठेवलंय, येणारे-जाणारे बघतच राहतात. म्हणाली, अरे वा, बाबा. तिने तिथे तसाच किट आणलाय. रोज संध्याकाळी व्हिडिओवर समोरासमोर बसून दोघांनी आपापलं करावं, असं तिच्या मनात होतं. पण तुमचं झालंच आहे तर राहू दे, म्हणाली, रूममेट हौशी आहे, तिच्याबरोबर करते. मी म्हटलं, हो हो, तिच्याबरोबरच कर, मजा येईल.
बायकोने विचारलं, काय म्हणत होती? म्हटलं, काही नाही.
परत फोन लावून खरं सांगायला हवं. पण आता तिकडे संध्याकाळ झाली असेल. दोघी कामाला बसल्या असतील.