जादा रेषा

९ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? आईला नवा चष्मा मिळाला. माझ्या डोक्यातला एकेक पांढरा केस तिला आता दिसतो आणि ती तो मोजून दाखवते. मीही बरी आहे. म्हणजे, हे पत्र चारदा सुरू करून फाडलंय, चहा निवून गेलाय आणि टेबलापासून खिडकीपर्यंत माझ्या नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

प्रयोगशाळेचं सांगते. तू राजीनामा दिल्यापासून काचकामाला कुणालाच घेतलं नाही. वायू भरायला तू बनवलेल्या काचेच्या नळीऐवजी आता बाहेरून आणलेली पोलादी नळी आहे, नुकतीच बसवलेली. वायू तोच, तीन अणूंचा. त्यातून अवरक्त किरण सोडायचे आणि तो त्यातले कुठले गिळतो त्याच्या बारीक रेषा टिपायच्या, कामही तेच.

गेल्या मंगळवारी त्या जादा रेषा पुन्हा आल्या.

त्याच, दादा. ज्या पाहून आपले प्रमुख "बाहेरची दमट हवा शिरलीय" म्हणाले होते. ज्यांच्यापायी त्यांनी भर बैठकीत तुला विचारलं, "साधा जोड नीट लावता येत नाही का हो?" पोलादी नळीतही त्याच जागी, तेवढ्याच ठळक. मी बसून अंतरं मोजली. पाण्याच्या वाफेच्या रेषा कशाही विखुरलेल्या असतात, या ओळीने शिस्तीत उभ्या आहेत. आपल्याच वायूच्या काही रेणूंत एक अणू किंचित जड असतो, त्या रेणूंच्या आहेत त्या. तुझी नळी गळत नव्हती.

इथेच सही करून मोकळी होणार होते. पण तेवढंच लिहिलं तर पुन्हा खोटं ठरेल.

बैठकीच्या आदल्या दिवशी तू मला गळती-तपासणीचा कागद दिला होतास. "तूच दाखव साहेबांना, मला त्या लोकांत बोलता येत नाही," म्हणालास. नळी चोख असल्याचं त्यावर स्पष्ट होतं. तो कागद बैठकीत माझ्या वहीत होता, दादा. शोधनिबंध आठवड्यात पाठवायचा होता आणि माझी नेमणूक त्याच्यावर अडली होती; नळी चोख म्हटली असती तर त्या रेषा कुठून आल्या हे शोधण्यात तो लांबला असता. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी पेन्सिलीला टोक काढत बसले.

"मला तरी काय माहीत होतं?" असं आईला गेली तीन वर्षं सांगतेय.

काल तो कागद प्रमुखांपुढे ठेवला. "आता कशाला उकरून काढतेस?" म्हणाले. "तुझंच नुकसान होईल." तरी आज सकाळी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. नळी कुणी बनवली आणि कागद कुणी दडवला, दोन्ही लिहिलंय. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही.

परत ये, असं म्हणत नाही. माफ कर, हेही आत्ता नको. रविवारी येतेय. दार उघडलं नाहीस तर जिन्यात उभी राहून बोलेन, पण तोंडाने सांगितल्याशिवाय परतणार नाही. त्याआधी आज संध्याकाळी आईला सांगायचंय. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

ठपका तुझ्यावर येऊ देऊन गप्प बसलेली,
तुझी धाकटी