कप्तानाचा डावा पाय

तीर्थस्वरूप काका,

तुमचा कप्तान पुन्हा छापून आला, या वेळी चित्रकथेत. चित्रं माझी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. बाकीचं सांगायचं राहिलं.

तुमच्या सगळ्या कादंबऱ्यांत कप्तान डाव्या पायाने लंगडतो आणि तरी शत्रूच्या आधी पोचतो. मी आधी तसाच काढला होता. लंगडताना खांदा किती झुकतो, ते तुम्हाला जिना चढताना पाहून टिपून घेतलं होतं.

संपादक म्हणाले, "असला हिरो आजची पोरं हातात धरणार नाहीत. पाय सरळ कर. मूळ लेखकांची हरकत नाही ना?"

"नाही. मी विचारलंय," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं, काका. तुम्ही नकार द्याल आणि माझं पहिलंच पुस्तक हातचं जाईल, अशी भीती वाटली. अठ्ठेचाळीस पानांवरचा तो पाय मी स्वतः खोडून पुन्हा काढला.

प्रकाशनाच्या दिवशी तुम्ही पुस्तक शेवटपर्यंत पाहिलंत. संपादक तुम्हाला म्हणाले, "पायाच्या बदलाला तुम्ही लगेच होकार दिलात, मोठं मन तुमचं."

तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत.

"हो," तुम्ही म्हणालात, "पोराने विचारलं होतं मला."

तुमचा,
न विचारणारा पुतण्या