जांभईची खुर्ची

१७ जानेवारी, सकाळचे अकरा

प्रिय ठिणगी,

आणि थोरल्यांनी ज्यांचं बोलणं अर्ध्यातच तोडलं अशा जगातल्या तमाम धाकट्यांनो! हसू नकोस. सभेची सवय सुटत नाही.

आई ठणठणीत आहे, ते तुला तिच्याकडून कळतंच. मीही बरा. महिन्यापूर्वी आपलं छपाईयंत्र बंद केलं. मशीनवाल्या काकांनी ते शेवटचं पुसलं आणि म्हणाले, "रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, मग मी चहा टाकतोय." कोणी रडलं नाही. साप्ताहिक आता फक्त मोबाईलवर निघतं आणि वाचक पूर्वीपेक्षा जास्त आहेत. हे मी लिहितोय, मी!

सुरुवात मात्र फजितीची. छापलेल्या अख्ख्या पानाचा फोटो काढून आम्ही तोच लोकांच्या फोनवर पाठवायचो. वर्षभर! वाचक गळत गेले आणि मी तीन सभांत गरजलो, की समाजाची वाचनाची भूकच मेली आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी समोरच्या शिंपीणबाईंनी दुकानात बोलावून स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"वाचा बघू."

पान बोटांनी मोठं केलं तर ओळीचं शेपूट पळालं. शेपूट धरलं तर डोकं गेलं.

"भाऊ, तुमचा पेपर वाचायला तिसरा हात लागतो," त्या म्हणाल्या. "माझे दोन्ही शिलाईत अडकलेले असतात."

त्या दुपारी मी खणातून निळी वही काढली.

हो, तुझीच, पेपर फोनवर कसा न्यायचा ते लिहिलेली. तीन वर्षांपूर्वी 'हरवली' म्हणून सांगितलेली. हरवली नव्हती. मी ती न वाचताच कुलपात टाकली, बाहेर येऊन सगळ्यांसमोर तुला 'कागदाशी बेईमान' म्हणालो. टाळ्या पडल्या. तू निघून गेलीस.

पहिल्याच पानावर आपला रिवाज लिहिलेला: अंक छापण्याआधी लांब टेबलाशी सगळा मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि तुला जांभई येईल तो परिच्छेद कापायचा. त्याखाली तुझं अक्षर: "फोनवर वाचकाचा अंगठा हीच जांभई. तो सरकायच्या आत मुद्द्यावर ये, दादा."

गेले आठ महिने मी त्या वहीबरहुकूम चालतोय. लोक माझी पाठ थोपटतात आणि मी ती थोपटून घेतो. आता बस्स. वही कोणाची आणि दडवली कोणी, हे पुढच्या अंकात माझ्या सहीनं येईल. तू आलीस तरी, न आलीस तरी.

मजकूर तयार आहे, फक्त लांबलाय. मुद्रितशोधक बाई माझ्या धाकानं जांभया गिळतात. तुझी खुर्ची रिकामी आहे.

सोमवारी सकाळी दहा वाजता ये. त्या खुर्चीत बस, मी माझा माफीनामा वाचीन, आणि जिथे कंटाळशील तिथे सगळ्यांदेखत तोंड भरून जांभई दे.

आवाज खाली आणू पाहणारा,
तुझा भोंगादादा