घुमटीत बसून राहिलेली

ऐन-बल्लूत, सुवैदाचा डोंगर
८ डिसेंबर १९७२

चि. जादल्लाह यास,
तर्फाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि ‘माते’ चहाच्या पानांचं पुडकं पोचलं. शेजारणींनी ते माझ्याआधी हुंगलं. थंडी चढली आहे, शेगडीभोवती आम्ही सात जणी आणि तो चहा प्यायचा पोकळ भोपळा एकच, तेव्हा तुझ्या नावाचा उद्धार चांगला झाला. तिथं फार रमू नकोस. इथं तुझ्यासाठी तीन मुली हेरून ठेवल्या आहेत, आणि तिघींनाही तुझं टक्कल अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. लिहावं की नाही, असं चार दिवस मनात चाललं होतं. कफ्र-जोजमध्ये एक मुलगी मागच्या जन्माचं बोलू लागली आहे. नाव रबाब, पावणेसहा वर्षांची. ती सांगते की मी ऐन-बल्लूतची समीहा. आपली धाकटी बहीण समीहा.

परवा तिची आई फहिदा तिला घेऊन आली. वाट कुणी दाखवली नाही. आबांनी मागाहून बसवलेल्या दाराकडे तिनं पाहिलंही नाही, जुनं दार जिथं चिणलंय त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मला तिनं ताफी म्हणून हाक मारली. ते नाव तुम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक होतं? मग म्हणाली, पिठाच्या रांजणामागे कोनाड्यात माझी फणी आहे. रांजण हलवला तर फणी होती, तिच्यात केसही होते. मी आत गेले आणि ओढणीत तोंड घालून रडले.

आणि मग तिनं विचारलं, की जाद आला का. तिला जादनं सांगितलं होतं म्हणे, की इथं बस, मी येईपर्यंत हलू नकोस.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत समीहा गेली, त्याच्या दोन दिवस आधीच तू दमास्कसला गेला होतास. वरच्या खिद्र पिराच्या घुमटीत ती गोठलेली सापडली, काखेत कपड्यांचं गाठोडं. गाव म्हणालं, कुणाबरोबर तरी पळून जायला बसली होती. तिच्या अंत्यविधीला थोरांनी ‘ईश्वर हिच्यावर दया करो’ हा दयेचा शब्द उच्चारला नाही, तसेच परत गेले. त्यानंतर आबा मरेपर्यंत गावच्या बैठकीत चढले नाहीत, आणि आई तर वर्षभरात त्यांच्याही आधी गेली. हे सगळं तुला कळवलं होतं. म्हणून विचारते, ही पोर असं का म्हणते?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
तर्फाताई


माराकाय, व्हेनेझुएला
२ जानेवारी १९७३

ती. तर्फाताईस,
जादचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. वि. वि.

दुकान बरं चाललंय. छापील कापडाला उठाव आहे. माझ्या टकलाची चौकशी इथल्या बायका रोज करतात, तेव्हा त्या तिघींना काय सांगायचं ते सांगून टाक.

तू आता पांढऱ्या ओढणीतली, जाणत्यांच्या पंक्तीत बसणारी. मी पडलो अजाण, धर्माच्या पोथीला हात न लावलेला. द्राक्षं चोरून माझं नाव पुढं करणारी तर्फा गुरुवारी बैठकीत प्रार्थनेला डोळे मिटून बसते, याचं मला अजून हसू येतं. मला ठाऊक आहे ते आजोबांनी सांगितलेलं तेवढंच. नऊशे वर्षांपूर्वी कैरोहून आपल्या डोंगरांत पत्रं आली, एकच ईश्वर आहे असं सांगणारी. ज्यांनी ती वाचून करार केला ते आपले. मग धर्माचं दार बंद झालं. त्यानंतर कुणी आत आलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही. जीव तेवढेच, ते फक्त अंगरखे बदलत फिरतात. लहानपणी मला ते फार उबेचं वाटायचं. आता वाटतं, इतक्या मोजक्या जिवांत कुणाची कुणापासून सुटका कशी व्हायची.

त्या पोरीचं मनावर घेऊ नकोस. मुलं शेगडीपाशी बसून मोठ्यांचं ऐकतात आणि आपलं म्हणून सांगतात. फणीचंही कुणी बोललं असेल. मी दमास्कसला होतो, हे तुला माहीतच आहे.

तब्येतीला जप. पुढच्या पुडक्यात कॉफी घालतो.
तुझाच,
जाद

ता. क. ती आणखी काय म्हणाली?


कफ्र-जोज
२१ जानेवारी १९७३

ती. तर्फाताईंस,
फहिदाचा नमस्कार. वि. वि. माझं अक्षर सांभाळून घ्या.

तुम्ही आमच्याकडे आलात की रबाब रात्रभर शांत झोपते. खरं सांगू तर त्याचं मला वाईट वाटतं. तिला जन्म मी दिला, आणि ती मला विचारते की माझी पहिली आई कुठं आहे. ती गेली, असं सांगितलं तर म्हणाली, माझ्यामुळंच ना. एवढ्याशा जिवानं असं विचारावं!

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. बर्फ पडू लागला की ती उंबऱ्यात जाऊन बसते. हाका मारा, ओढा, हलत नाही. मला बस म्हणून सांगितलंय, एवढंच म्हणते. परवा दुपारी माझा डोळा लागला होता. जागी झाले तर पोर उंबऱ्यात, ओठ निळे पडलेले. तिच्या वडिलांनी तिला उचलून शेगडीपाशी आणलं तर त्यांना चावली.

आमचे शेख म्हणतात, वर्षाभरात विसरेल, सगळीच मुलं विसरतात. पण एवढा एक हिवाळा ती काढेल का? मला तुमच्या घरातलं काही खोदायचं नाही. कुणीतरी तिला बस म्हणालं होतं. ज्यानं बस म्हटलं त्यानंच तिला ऊठ म्हणावं, एवढं माझ्यासाठी करा.

माया असू द्यावी.
तुमची,
फहिदा


ऐन-बल्लूत
२५ जानेवारी १९७३

चि. जाद यास,
आशीर्वाद. वि. वि.

फहिदाचं पत्र सोबत घातलं आहे. आधी ते वाच, मग हे.

तू खोटं लिहिलंस. मला कसं कळलं ते सांगते, आणि सांगताना माझी मान खाली आहे. घुमटीत समीहाला सर्वांत आधी मी पाहिलं. तिच्या गळ्यात तुझा मफलर होता, आईनं विणलेला तपकिरी, ज्याच्या टोकाला हिरवा टाका आहे. तू घर सोडलंस तेव्हा तो तुझ्याच गळ्यात होता. लोक चढून यायच्या आत मी तो काढून घेतला आणि कपड्यात लपवला. तुझं जहाज आठ दिवसांवर होतं. चौकशी झाली तर ते चुकेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. एक तर गेलीच होती, दुसऱ्याचं तरी भलं व्हावं. आणि मग तिच्या नावाला गावानं जे फासलं ते मी सहा वर्षं मुकाट पाहिलं. कधीकधी ते मला खरंही वाटलं, हे त्याहून वाईट.

पांढरी ओढणी घेतली त्या दिवशी पहिलं वचन दिलं ते जिभेच्या खरेपणाचं. आपल्या धर्मात उपासतापासाच्याही आधी ते येतं, तू अजाण असलास तरी एवढं जाणतोस. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी खोटं बोलले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. गुरुवारी सगळ्या जणी उठून गेल्या की मला घुमटीतला वारा ऐकू येतो.

आजोबांनी तुला पत्रांचं सांगितलं, मला टेकडीचं सांगितलं होतं. आपले स्वामी कैरोबाहेरच्या टेकडीकडे एकटेच गेले ते परतले नाहीत, त्यांचे कपडे तेवढे सापडले, आणि तेव्हापासून आपण वाट पाहतो. आपण सगळेच वाट पाहणारे, जाद. पण त्यांची वाट पाहावी. तुझ्यासारख्याची वाट पाहत एका मुलीनं दोनदा गोठावं, हे कुठं लिहिलेलं नाही.

लहान मुलीच्या बोलण्यावर थोर मंडळी दयेचा शब्द उच्चारणार नाहीत. तुझ्या हातचं पत्र हवं. रिकाम्या कबरीवर दया मागून काय होणार, असं विचारशील. जीव गेला पुढं, नाव इथंच पडलंय. ते मला स्वच्छ करून हवंय.

उलट टपाली लिही. लोभाचं या वेळी काही लिहवत नाही.
तर्फा


माराकाय
१४ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस,
नमस्कार करायचं तोंड नाही, तरी करतो.

समीहाला शिक्षिका व्हायचं होतं, दमास्कसला जाऊन शिकायचं होतं. आबा नाही म्हणाले, हे तुला माहीत आहे. तिनं मला गळ घातली आणि मी हो म्हटलं. दमास्कसला चाललो असं सांगून निघालो ते खालच्या गावात दोन दिवस मित्राकडे राहिलो. ठरल्या दिवशी सकाळी ती घुमटीत आली. मी तिला मफलर दिला आणि म्हटलं, इथं बस, मी ट्रक घेऊन येतो, येईपर्यंत हलू नकोस, कुणी पाहिलं तर सगळं फुकट.

ट्रकवाला म्हणाला, बर्फ येतंय, आत्ता निघालो तर निघालो, वरच्या वळणाला चढणार नाही. माझे जहाजाचे कागद दमास्कसला त्याच संध्याकाळी मिळायचे होते. मी ट्रकमध्ये बसलो. वाटलं, थोडा वेळ बसेल, मग कंटाळून घरी जाईल. गाव तिथून हाकेवर होतं. पण ताई, मी सांगितलेलं तिनं कधी मोडलं नव्हतं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

बैरुतच्या बंदरावर मला बातमी कळली. मी तरीही जहाजावर चढलो. इथं बर्फ पडत नाही म्हणून मी इथं राहिलो. दुकानात एखादी मुलगी आईची वाट पाहत कोपऱ्यात बसली, तर मी कामाचं निमित्त काढून बाहेर जातो.

हे पत्र बैठकीत मोठ्यानं वाच. एक ओळही गाळू नकोस. आत वेगळी चिठ्ठी आहे, ती त्या मुलीसाठी. एप्रिलात येतो, तिकीट काढलं आहे. ती मला माफ करील का? तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझाच,
जाद

(चिठ्ठी)
समीहा, मी आलो नाही. चूक माझी होती. आता बसू नकोस. ऊठ, घरात जा.


ऐन-बल्लूत
१८ मार्च १९७३

चि. जाद यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेख अबू-घालिबांनी बैठकीत वाचलं, सगळं. मग मी मफलर पुढं ठेवला आणि माझं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी थोर मंडळी कबरीपाशी गेली आणि त्यांनी तिच्यासाठी दयेचा शब्द उच्चारला, मोठ्यानं, तीनदा. आबा हवे होते रे. मला मात्र वर्षभर गुरुवारी आत बसायची मनाई झाली आहे. बरोबरच आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही.

चार तारखेला कफ्र-जोजला गेले. बर्फ भुरभुरत होतं आणि रबाब उंबऱ्यात बसली होती. तुझी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. तिनं विचारलं, की खरंच उठू का. मी म्हटलं, जादनंच लिहिलंय. तेव्हा उठली, फ्रॉक झटकला, आत गेली आणि भाकरीला द्राक्षाची काकवी लावून मागितली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. फहिदा चुलीकडे तोंड करून रडत होती, आणि मीही.

परवा पुन्हा गेले होते. बर्फ होतं, पण उंबरा रिकामा. रबाबनं मला बसायला चटई टाकली आणि आईला विचारलं, या मावशी कोण. मी फणी दाखवली तर म्हणाली, छान आहे, पण जुनी आहे. तुझ्या माफीचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आमच्या गल्लीत जाद नावाचं कुणी नाही.

तेव्हा माफी मागायला कफ्र-जोजला जाऊ नकोस. तिथं एक मुलगी आहे, तिला खेळू दे. तुला माफ करणारं आता कुणी उरलं नाही, आणि मलाही.

थेट घरी ये. गुरुवारी पोचलास तर मी बैठकीच्या दाराबाहेर दगडावर बसलेली असेन. मला ऊठ म्हणू नकोस, माझं वर्ष भरायचं आहे. शेजारी जागा आहे, तिथं बस.

लोभ आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.
तुझी,
ताफी