मोराकडं पाय

मुकुंदवाडी, मंगळवार, दिवेलागण

विद्यापीठाच्या नामांतरावरून आज पुन्हा बंद. कारखान्याची बस आलीच नाही, म्हणून हे घरी. काल आलेल्या सासूबाईंनाही, एसटी कालपासूनच थांबल्यानं, करमाडला परतता येईना. एरवी येतात, चहा घेतात आणि उन्हं कलायच्या आत निघतात. माझंच काही चुकतं का?

आणि नेमका तो पलंग! बाबांनी लग्नात दिलेला, उशाकडच्या फळीवर मोर कोरलेला. भिंतीला लावला तर मोर उत्तरेला जातो, फिरवून लावला तर फळीनं खिडकी झाकली जाते. उत्तरेला डोकं करून कोण झोपणार? म्हणून लग्नापासून तो खोलीच्या मधोमध आडवा. कपाट उघडायचं तर त्याच्यावर चढून.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भिंतीला सरकव की. अन् उशी पायथ्याला घे. मोराला कुठं झोपायचंय?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. स्वतःचा इतका राग आला, मग हसूच फुटलं. पलंग सरकला आणि केवढी फरशी मोकळी झाली! आता डोकं दक्षिणेला आणि पाय मोराकडं. बाबांना काय सांगू? बघू.

सासूबाईंनी फरशीवर घोंगडं टाकलं न् आडव्या झाल्या. "लई मोकळं झालं गं. इथं पाय कुठं लांब करावं, तेच कळत नव्हतं."

म्हणजे एवढंच होतं?

उद्या एसटी सुरू होईल, असं हे म्हणाले. तर त्या कूस बदलून म्हणतात, "व्हऊ दे की. मला कुठं घाई हाय?"