रुचीला आधी कळलं

नवेगाव बांध
११ ऑगस्ट २०२४

प्रिय रुची,

अनेक आशीर्वाद. हैदराबादला जेवणखाण नीट होतं ना? इकडे धानाचा रोवणा आटोपला. सासूबाईंचा गुडघा दुखतो, बाकी बरं. फोनच करणार होते, पण घरात कोणाचा ना कोणाचा कान असतो, म्हणून लिहून राहिले.

तुझ्या भाऊजींना एचआयव्ही आहे, हे मला मागच्या सोमवारी कळलं. तुला कधीचं माहीत आहे.

दुकान बंद करून आले, मला समोर बसवलं आणि सांगितलं. कुठून आला तेही सांगितलं, ते मी लिहिणार नाही. मी उठू लागले, तसे ते घाबरून समजावू लागले. आपल्याला आजारापासून राखणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरचं काही येऊन चिकटायच्या जागा, पेशीच्या स्वतःच्या कामाच्या. विषाणू आधी एकाला चिकटतो, मग दुसऱ्याला, तेव्हा त्याला आत शिरता येतं. मग तो त्याच पेशीत वाढतो. रोज गोळी घेतली की वाढ थांबते.

खत-बियाणं विकणारा माणूस 'रिसेप्टर' शब्द बोलून राहिला!

"हे कोणं शिकवलं तुमाले?"

"रुचीनं. होळीपासून बोलून राहिलो तिच्याशी."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"तू निघून जाशील, असं वाटलं. थे तं हैदराबादले हाये, थे कोठी जाईन?"

खरं सांगू? आजाराचं भ्याव मागून आलं. आधी तूच डोळ्यांपुढे आलीस, फोन कानाला लावून, माझ्या नवऱ्याचं रडणं ऐकणारी. माझ्यासमोर ते कधी रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन माझी तपासणी केली. मला लागण नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघतील. त्यांच्या रक्तात विषाणू दबलेला राहिला तर माझ्यापर्यंत येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. येताना बसमध्ये ह्यांनी विचारलं, "जाशील का वं?" मी म्हटलं, "गोळी घेतली का आजची?"

तू दरवेळी त्यांना 'ताईला सांगा' म्हणत होतीस, हेही कळलं. तरी राग जात नाही. माझं शिक्षण सुटलं, तू शिकलीस, त्याचा मला कधी हेवा वाटला नव्हता. आता वाटतो. त्यांना वाटणारी भीती तरी माझ्या वाट्याची होती, रुची.

दिवाळीला येशील तेव्हा मला सगळं नीट समजावून सांग, मला एकटीला. तोवर त्यांचा फोन आला तर 'ताईला विचारा' म्हण आणि ठेवून दे.

तुझी मोठी बहीण, आणि त्यांची बायको,
दुर्गेश्वरी