समोरच्या भिंतीचा ठराव

५ फेब्रुवारी, गुरुवार

आणलं! मला न विचारता, घरसभेत न मांडता, सरळ विकत आणून बुटांच्या कपाटाला टेकवून ठेवलं. दारातून आत पाऊल टाकलं तर पुढ्यात हे धूड, दाराइतकं रुंद. मळकट राखाडी. वरच्या कडेला पिवळा पट्टा, तोही अर्धा कडेबाहेर पळालेला. खाली गडद निळा डाग. उजवीकडे नखानं ओरबाडल्यासारखी एक पांढरी रेघ. झालं. एवढंच!

"हे काय?" "चित्र." "कशाचं?" "कशाचं नाही," म्हणाली बायको, आणि प्रयोगशाळेतला कोट धुवायला टाकायला निघून गेली.

वर म्हणते, समोरच्या भिंतीवर लावायचं. समोरची भिंत! दार उघडलं की पहिली नजर जाते ती! तिथं छतापर्यंत पुस्तकांचे खण करणार, हे मी या घराची किल्ली हातात आली त्याच दिवशी जाहीर केलं होतं. कुणी हरकत घेतली नव्हती.

६ फेब्रुवारी

मुद्दे काढले. जे चित्र बोलत नाही ते कुणाच्या बाजूनं उभं आहे? गप्प बसणारा नेहमी बलवानाच्याच बाजूनं असतो, हे मी कारखान्याच्या फाटकावर गळा फाटेस्तोवर सांगत आलो. बड्या कंपन्यांच्या स्वागतकक्षात असली चित्रं का असतात? कारण ती कुणालाच दुखवत नाहीत! माझ्या भिंतीवर मला दुखवणारं काहीतरी हवं.

खरं म्हणजे मनात दुसरंच आहे. तिच्या प्रयोगशाळेची नवी शाखा निघते आहे. दूर, दुसऱ्या शहरात. प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचं. विचारलं की म्हणते, "बघू." मालकाच्या 'नाही'ला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. हिच्या 'बघू'ला घाबरतो.

८ फेब्रुवारी, रविवार

घरसभा. मुलगी बोलायला लागली तेव्हापासूनचा आमचा शिरस्ता. रविवारी जेवतानाच मतभेद टेबलावर. प्रत्येकाला सारखा वेळ, मग हात वर. मालक कुणी नाही, बहुमत मालक. किती घरांत असं आहे?

आज अध्यक्ष मुलगी. बायकोनं ठराव मांडला, "मला ते तिथं हवंय." आणि बसली. "आई, तुझा वेळ उरलाय." "नको."

मी बोललो. चांगलं बोललो. शेवटाला तर माझ्या आईनंही चमचा खाली ठेवला. मतदान : तीन विरुद्ध एक. आई म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही बाबा, पण बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. सूनबाई, तू दोन शब्द बोलायला हवे होतेस गं."

बायको उठली, चित्र उचललं. मी हात लावायला गेलो. "राहू दे." मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवलं. दार लोटून घेतलं.

जिंकलो. मग ताटावर असा का बसून राहिलो?

९ फेब्रुवारी

मुलगी आज म्हणाली, "बाबा, मी तुझ्या बाजूनं मत दिलंच नाही. लवकर आटपावं म्हणून दिलं. तू हरलास की फेरमतदान मागतोस!"

कार्टी! कुणावर गेलीय?

११ फेब्रुवारी

"मीठ दे." "गॅसवाला आला होता." यापलीकडे शब्द नाही. कामावरून येते, मागच्या खोलीत स्टुलावर बसते. चित्रापुढं! दार अर्धं उघडं. मी दोनदा उगाचच इस्त्री करायला गेलो. सदरा आधीच कडक होता.

१३ फेब्रुवारी

"उत्तर दिलंस का त्यांना?" "नाही अजून." "काय देणार?" "बघू."

आज हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं!

१५ फेब्रुवारी, रविवार

घरसभेला आली नाही. आतून म्हणाली, "घ्या तुम्ही. माझं काही म्हणणं नाही." आई, मुलगी आणि मी तिघं बसलो. विषय : दूधवाला बदलावा का. बदलू नये. सभा संपली.

१७ फेब्रुवारी

वाचनालयातून जाडजूड तीन पुस्तकं उचलून आणली. शत्रूचा किल्ला आतून बघावा म्हणून! आणि काय सांगू, किल्ल्यात शिरलो तो तिथंच राहिलो. बासरीला कुणी विचारतो का, बाई, तू कशाविषयी वाजतेस? मग रंगालाच का विचारावं? चित्रानं आरशासारखं किंवा पाटीसारखं असलंच पाहिजे, हा हुकूम कुणी काढला? हुकूम म्हटला की मी त्याच्या विरुद्ध! इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं लढलो. पालथ्या घड्यावर पाणी, पाणी म्हणता म्हणता घडाच सुलटा झाला!

१९ फेब्रुवारी

लावलं. ती कामावर असताना, कुणाचं मत न घेता. अर्धा दिवस रजा टाकली.

पुस्तकात लिहिलंय, अशा चित्राला आजूबाजूला मोकळी जागा लागते, गर्दीत ते गुदमरतं. म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवलं. कॅलेंडर, घड्याळ, हातात कर्णा घेतलेला माझा फोटोसुद्धा. आई कुरकुरली, "घड्याळ काढलंस, आता माझ्या गोळीची वेळ कोण सांगणार? हा निळा डाग?" खिडकीचं ऊन थेट पडू नये म्हणून पडदा सरकवला. एका खिळ्यावर कललं असतं, दोन आकडे मारले. पहिल्या भोकाला भिंतीचा गिलावा निघाला, शिव्या घातल्या, बुजवलं, हातभर सरकून पुन्हा भोक.

उंचीवर अडलो. चित्राचा मध्य डोळ्यांसमोर हवा म्हणतात. कुणाच्या डोळ्यांसमोर? माझ्या की तिच्या? मुलगी तिच्या आईएवढी झालीय. तिला भिंतीला उभी केली, पेन्सिलीनं खूण केली.

संध्याकाळी बायको आली. खांद्यावरची पिशवी तशीच. बराच वेळ उभी राहिली. मी हातोडी धरून.

"माझ्या उंचीवर लावलंस," म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तीन संध्याकाळी आम्ही दोघं त्या चित्रासमोर बसतो. टीव्ही बंद. चहा. मी बोलत नाही. खरंच बोलत नाही! आई येऊन माझं कपाळ चाचपून गेली.

आज तीच बोलली. चित्राकडे बघत, अगदी हळू. "दिवसभर मी काचेवरच्या पेशी बघते. प्रत्येकीला नाव द्यायचं. चांगली, वाईट, संशयास्पद. मी नाव दिलं की कुठल्यातरी घरात रडारड होते. म्हणून घरी एक गोष्ट अशी हवी होती, जिला मी नाव नाही दिलं तरी चालेल. कुणीच नाही दिलं तरी चालेल."

थोड्या वेळानं : "तिकडं नाही म्हणून कळवते. सोमवार-मंगळवारी."

मी मान डोलावली. शब्द फुटला नाही. इतकी वर्षं माईकसमोर उभा राहिलो, असं कधी झालं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

घरसभा झालीच नाही. कुणाला आठवणच नाही!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कामगार संघटनेची कार्यकारिणी आज आमच्याकडे होती. कार्यालयाचं छत गळतंय म्हणून. विषयपत्रिका उरकली आणि खजिनदाराची नजर भिंतीवर गेली. हा गडी म्हणजे जिभेला हाड नाही. "दादा, पाईप फुटला का भिंतीतला? केवढी ओल आलीय! माझा मेहुणा प्लंबर आहे, पाठवू?" सगळी खोली खदखदून हसली.

मी उठलो. कुणी थांबवायच्या आत उठलो होतो. म्हणालो, हसा! ज्याला आपण समजत नाही त्याला हसायचं, हे आपल्याला मालकांनीच शिकवलंय! मग चढतच गेलो. तो निळा म्हणजे रात्रपाळी. तो पिवळा म्हणजे फाटकाबाहेरची सकाळ, चौकटीत न मावणारी. आणि ती पांढरी रेघ म्हणजे संप! आणि हे निवडलंय माझ्या बायकोनं!

कुणीतरी विचारलं, "पण वहिनींनी निवडलं म्हणता? त्यांना कशी काय ही आवड?"

मी सांगितलं. तिचं वाक्य, तिच्याच शब्दांत. थोडं चढवून. "माझी बायको दिवसभर मरणाला नावं देते, मित्रांनो! म्हणून तिला घरी एक बिननावाची जागा हवी!" टाळ्या. खजिनदारानं डोळे पुसले. या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं भाषण, बारा-चौदा माणसांपुढं, घरच्या सतरंजीवर!

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कपांचा ट्रे. कधीपासून, माहीत नाही. "वहिनी, तुम्हीही बोला ना दोन शब्द!" "त्यानं सांगितलं ना," म्हणाली. हसली. ट्रे ठेवला, आत गेली.

हसलीच की! मग चहा का गेला नाही मला?

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी चहा घेऊन चित्रासमोर बसलो. तिची खुर्ची रिकामी. ती स्वयंपाकघरात, भिंतीकडे पाठ करून शेंगा सोलत होती. "येतेस?" "तू बस."

समजावलं. लोक हसत होते, चित्राची बाजू घेणं भाग होतं. तिच्याविषयी चांगलंच बोललो. आणि ऐकलं कुणी, सगळी आपलीच माणसं. सगळे मुद्दे बिनतोड. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाली.

मोठमोठ्यांच्या तोंडून हे ऐकण्यासाठी मी आयुष्यभर धडपडलो. आज ऐकलं आणि फेरमतदान मागावंसं वाटलं.

२६ फेब्रुवारी

खजिनदाराचा फोन, स्पीकरवर : दादा, ते चित्राचं भाषण फाटकावरच्या परवाच्या द्वारसभेत घ्या ना, वहिनींच्या वाक्यासकट! हातातलं भांडं टाकून ती माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवला. म्हणालो, घरात यापुढं या चित्राविषयी कुणी चकार शब्द काढायचा नाही, आत्ता ठराव करतो, एकमतानं! तिला हसू आलं. थकलेलं. "तेही ठरावानंच का रे?"

कळवलंस का त्यांना, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२८ फेब्रुवारी

तिनं कळवलं. येते म्हणून.

८ मार्च, रविवार

सकाळच्या गाडीनं गेली. आई रडली, मुलगी स्टेशनपर्यंत गेली. चित्र मी पहाटेच उतरवून, दोन चादरींत गुंडाळून, सुतळीनं बांधून तिच्या बॅगांशेजारी ठेवलं होतं. तिनं गाठीवरून हात फिरवला आणि ते उचलून परत भिंतीला टेकवलं. रागानं नाही.

"राहू दे इथंच. त्याच्याकडे बघितलं की आता मला तू बोलताना ऐकू येतोस."